दत्तक वेगळं, संगोपन वेगळं

मागच्या महिन्यात आपल्या कार्यक्रमात बाल कल्याण समितीची माहिती सांगितली, आणि त्यानंतर गटागटांतून प्रश्न येऊ लागले. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला घरी आणलं म्हणजे ते दत्तकच झालं ना, मग जमिनीत वाटा द्यावा लागेल का? एका गटातल्या आजींनी तर सरळच विचारलं, "वाढवायचं आम्ही, आणि उद्या त्याची आई दारात आली की द्यायचं. मग आमच्या हातात काय?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. दोन्हींची उत्तरं कायद्यात आहेत, पण नुसता कायदा वाचून ती पटणार नाहीत. हा घोळ आपल्याकडे जुना आहे, म्हणून आज जरा मागं जाऊ या.

दत्तक म्हटलं की आपल्याला आठवते ती गादी. झाशीचे दामोदरराव १८५३ साली दत्तक गेले. मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेला, तेच आपले शाहू महाराज. गावातल्या वाड्यांतूनही हेच चालायचं, फक्त राज्याच्या जागी वतन असायचं, पाटीलकी असायची, पंधरा-वीस एकर असायचे. नाव पुढं चालावं, पिंडाला कोणी असावं, शेत भाऊबंदांच्या घशात जाऊ नये, यासाठी दत्तक. लेकराला घर हवं म्हणून नव्हे, घराला लेकरू हवं म्हणून.

त्यामुळं नियमही तसेच होते. मुलगाच दत्तक घेता येई, मुलगी नाही. आणि दुसरी गोष्ट तर ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो: ज्याला आईबाप नाहीत, ते लेकरू दत्तक जाऊच शकत नव्हतं. दत्तक 'द्यायला' आई किंवा बाप लागतो, आणि पोरक्याला देणार कोण? म्हणजे ज्याला घराची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दत्तकाचा दरवाजा बंद. हे काही हजार वर्षांपूर्वीचं नाही. आपल्या आज्यांच्या लग्नापर्यंत असंच होतं.

मग पोरकी लेकरं जगत कशी होती? नात्यात. आजोळी, मामाकडं, चुलत्याकडं, थोरल्या बहिणीच्या सासरी. बाळंतीण दगावली तर वाडीतली दुसरी अंगावर पाजणारी बाई त्या बाळाला पाजायची. त्याची कुठं नोंद नाही, कुणाला त्याचा पगार नाही. इतिहासाच्या पुस्तकात ही बाई सापडणार नाही, पण आपल्यातल्या प्रत्येकीला अशी एक तरी माहीत आहे.

या चांगुलपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सांभाळायला आणलेली पोरगी म्हणजे पुष्कळदा फुकटची कामवाली. पोरगा असला तर गुरांमागं, पोरगी असली तर धुणीभांडी आणि मालकिणीचं तान्हं कडेवर. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, शाळा नाहीच. "पोसलं" या शब्दात प्रेमही आहे आणि उपकारही आहे, आणि उपकाराचं ओझं लेकराच्या मानेवर जन्मभर राहतं. सरकारचा माणूस घरी तपासणीला येणार म्हटलं की आपल्याला राग येतो. ती तपासणी कशासाठी आहे, हे या बाजूवरून कळतं.

आता पुण्याला येऊ. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्या काळी उच्च मानलेल्या जातींत विधवेचं लग्न नव्हतं. लहानपणीच नवरा गेलेली पोर घरातल्याच कुणाच्या तावडीत सापडली आणि दिवस गेले, की तिच्यापुढं दोनच वाटा: स्वतः विहीर जवळ करायची, नाहीतर बाळाच्या गळ्याला नख लावायचं. जोतीरावांनी जाहीर केलं की अशा बाईनं इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळ न्यावं किंवा इथं ठेवावं. बाळंतपणं कोण करत होतं, लंगोट कोण धूत होतं, रात्री कोण जागत होतं, ते वेगळं सांगायला नको. जोतीरावांनी १८८४ साली सरकारला लिहून कळवलं की तोपर्यंत ३५ गरोदर विधवा या घरात आल्या आणि त्यांच्या लेकरांपैकी ५ जिवंत आहेत. बाकीची ३० गेली, कारण पोटात असतानाच आईनं पोट पाडायची औषधं घेतलेली होती. सावित्रीबाईंचं काम म्हणून आपण शाळेचं बोलतो, ३ जानेवारीला फोटोला हार घालतो. त्या घरातल्या या ३० लहानग्या मरणांबद्दल कोणी बोलत नाही. ती सगळी सावित्रीबाईंच्या डोळ्यांदेखत झाली असणार.

जगलेल्यांपैकी एक यशवंत. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. १८७४च्या सुमारास जोतीराव-सावित्रीबाईंनी त्याला आपला मुलगा म्हणून घेतलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, आणि दुसरं लग्न करा म्हणून जोतीरावांना आग्रह झाला होता, तो त्यांनी मानला नाही. यशवंतला वाढवलं, डॉक्टर केलं. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून आपलं जे होतं ते त्याच्या नावे केलं. तरी १८९० साली जोतीराव गेले तेव्हा काय झालं? चरित्रकार लिहितात की टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंद अडून बसले. पोसलेल्या पोराचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून प्रेतयात्रेपुढं चालल्या. बाईनं टिटवं धरणं आजही किती गावांत चालतं? विचार करा. आम्हाला या गोष्टीत सावित्रीबाईंचं धाडस तर दिसतंच, पण सोळा-सतरा वर्षांचा तो मुलगाही दिसतो. ज्या घरात वाढला, त्याच घराच्या अंगणात त्याला ऐकावं लागलं की तू इथला नाहीस.

पुढं १८९७ साली प्लेग आला. यशवंत डॉक्टर झाले होते. पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला मायलेकरांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन तिथं आल्या, त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तो मुलगा वाचला, असं सांगतात.

त्याच काळात दुसरीकडंही कामं उभी राहत होती. पंढरपूरला वारीच्या गर्दीत लेकरं टाकून जाण्याचे प्रकार होत. तिथं लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशांनी १८७५ साली बालकाश्रम काढला आणि प्रार्थना समाजानं तो चालवला. १८८१ साली सुरतेच्या एका तरुण विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. नंतर ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीला नावं ठेवणारं लिखाण सुरू झालं. त्याचा संताप येऊन आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. टाकलेल्या लेकराचा प्रश्न हा टाकावं लागलेल्या बाईचा प्रश्न आहे, हे तेव्हाच बायकांनी ओळखलं होतं.

आणि दुष्काळ. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकात दुष्काळातल्या उपासमारीनं गेले होते. १८९६-९७चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९००च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, सगळं मुली करत. रमाबाईंच्या धर्मांतरावरून त्या वेळी खूप वादळ झालं, ते आज बाजूला ठेवू. एवढंच पाहू की त्या मुलींना बोलवायला त्या वेळी दुसरं कुणाचं दार उघडं होतं.

याच वेळी आपल्याकडं एक सवय पडली, असं आम्हाला वाटतं. पोरकं लेकरू म्हटलं की आश्रम. दुष्काळात हजारोंनी लेकरं आली, तेव्हा घरोघर वाटून कोण देणार? आणि घेतलं असतं कुणी? पहिला प्रश्न जात कोणती, दुसरा आई कशी होती. आश्रमाला हे विचारावं लागत नव्हतं. म्हणून आश्रम वाढले, आणि त्यांनी जीव वाचवले, यात शंका नाही. पण शंभर लेकरांच्या ओळीत जेवणाऱ्या लेकराला "आज भाजी का टाकलीस" म्हणून रागावणारं कोणी नसतं.

कायद्याला हे अगदीच समजत नव्हतं असं नाही. १९२४ सालच्या मुंबईच्या बालक कायद्यातच तरतूद होती की निराधार मुलाला संस्थेत पाठवण्याऐवजी एखाद्या नातेवाइकाकडं किंवा 'योग्य व्यक्ती'कडं सोपवता येईल. म्हणजे आज ज्याला फॉस्टर केअर किंवा प्रतिपालकत्व म्हणतात, त्याचं बी शंभर वर्षांपूर्वीच पेरलं होतं. पण मुंबईत १९२७ साली संस्था उभी राहिली, इमारती उभ्या राहिल्या, आणि 'योग्य व्यक्ती' कागदावरच जास्त राहिली. इमारतीचं उद्घाटन करता येतं. एखाद्या बाईच्या स्वयंपाकघराचं कोण करणार?

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली हिंदू दत्तक कायदा आला. तेव्हा मुलगी दत्तक घेता येऊ लागली, आणि एकट्या बाईला, विधवेला, घटस्फोटितेला स्वतःच्या नावानं दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. टाकून दिलेल्या, आईबापांचा पत्ता नसलेल्या लेकराची अडचण १९६२ सालच्या दुरुस्तीनं सुटली: कोर्टाच्या परवानगीनं त्याचा पालक त्याला दत्तक देऊ शकतो. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी बायकांना मात्र १८९० सालच्या जुन्या कायद्याखाली फक्त 'पालक' होता येई, आई नाही. २००० सालच्या बाल न्याय कायद्यानं कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घ्यायची वाट मोकळी झाली, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला.

हे झालं दत्तकाचं. पण ज्या लेकराची आई जिवंत आहे, पण दवाखान्यात आहे, तुरुंगात आहे, वेडसर झाली आहे, कर्जानं मोडली आहे, त्याचं काय? ते दत्तक देता येत नाही, देऊही नये. त्याला चार महिने, चार वर्षं घर हवं असतं. आपल्या भागातून कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या आयाच बघा ना. उचल घेतलेली, दिवाळीनंतर निघायचं, उन्हाळ्याच्या तोंडावर परत. सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली, म्हणजे लेकरांनी गावात आजीजवळ राहावं आणि जेवणाची सोय व्हावी. खरं तर ती आजीच प्रतिपालक. तिला कोणी तसं म्हटलं नाही, एवढंच.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. भारतीय जैन संघटनेनं त्या भागातली जवळपास १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यातली कितीतरी शिकून पायावर उभी राहिली, हे मोठंच काम. पण बाकीची लेकरं गावातच पत्र्याच्या शेडमध्ये काकी-मामीजवळ वाढली. ते काम कुणाच्या नावावर नाही.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. २००५ सालच्या शासन निर्णयानं तिला आजचं रूप आलं. लेकरू संस्थेत न घालता कुटुंबात ठेवायचं आणि त्याच्या खर्चाला महिन्याला मदत द्यायची. एकट्या आईजवळ राहणाऱ्या लेकरालाही ती मिळते. रक्कम किती होती? महिन्याला ४२५ रुपये. वर्षानुवर्षं ४२५च. तेलाचे, डाळीचे भाव कुठल्या कुठं गेले. मग कोरोनाची साथ आली, एकाच घरातून आई आणि बाप दोन्ही प्रेतं निघाली, पेपरांत बातम्या आल्या, आणि २०२१ साली ४२५चे १,१०० झाले. दोन्ही पालक गेलेल्या लेकराच्या नावे ५ लाखांची ठेव राज्य सरकारनं जाहीर केली. २०२३ साली रक्कम २,२५० झाली आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. नाव योग्यच दिलं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये मात्र लेकरामागं महिना ४,००० रुपये आहेत. आपल्या लेकराला कोणती योजना लागू होते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. एकीला एक सांगतात, दुसरीला दुसरं, हे आम्ही अनुभवलं आहे.

आता कायद्याचं. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याच्या ४४व्या कलमात प्रतिपालकत्व आहे. लेकरू देते ती बाल कल्याण समिती. सरपंच नाही, दवाखाना नाही, ओळखीची नर्स तर नाहीच. भावंडं शक्यतो एकत्र द्यायची. लेकराचं शिक्षण, आरोग्य, खाणंपिणं ही जबाबदारी सांभाळणाऱ्या घराची. समितीनं दर महिन्याला पाहणी करायची. लेकराच्या हिताला बाधा नसेल तर आईबाप भेटायला येऊ शकतात. जे लेकरू कायद्यानं दत्तक जाऊ शकतं, ते लांब मुदतीच्या प्रतिपालकत्वात द्यायचं नाही. त्याला कायमचं घर शोधायचं. २०१६ साली नियमावली आली, त्यात फक्त नवरा-बायकोच प्रतिपालक होऊ शकत होते. २०२४च्या नव्या नियमावलीत ३५ ते ६० वयाची एकटी बाईही होऊ शकते, मग ती अविवाहित असो, विधवा असो की नवऱ्यापासून कायद्यानं वेगळी. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, कोणीही सांभाळता येतं. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. ही लेकरं बहुतेक ६ वर्षांच्या पुढची असतात. तान्हं बाळ मिळेल म्हणून अर्ज करू नका.

आता पहिला प्रश्न: जमिनीत वाटा? नाही. प्रतिपालकत्वानं वारसाहक्क येत नाही. यशवंतसाठी जोतीरावांनी केलं तसं मृत्युपत्र करायचं असेल तर तुमची मर्जी, सक्ती नाही.

आणि आजींचा प्रश्न: "मग आमच्या हातात काय?" लेकराची आई सावरली, घर लागलं, तर लेकरू परत जातं. ते जावं, यासाठीच ही सोय आहे. ज्याला परत जायला घरच नाही, असं लेकरू कायद्यानं दत्तकाला मोकळं झालं, तर सलग दोन वर्षं सांभाळलेल्या घराला ते दत्तक मागता येतं. आधी पाच वर्षं लागत. पण आजींनी विचारलं होतं ते दत्तकाचं नव्हतं. त्यांनी लेकीची लेकरं सहा वर्षं वाढवली, आणि जावई येऊन घेऊन गेला. त्या दिवशी त्यांच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही, हे त्यांनी गटात सांगितलं. यावर कायद्यात कलम नाही. आम्ही गटात एवढं ठरवलं आहे की जिच्या घरून लेकरू परत जाईल, तिच्या घरी त्या रात्री दोघींनी मुक्कामाला जायचं.

आमच्या गटांतल्या तिघींनी चौकशी केली आहे. एकीचं वय कमी पडतं, ३५ पूर्ण व्हायला दीड वर्ष आहे. दुसरीचा नवरा तयार नाही, आणि त्याच्या मनाविरुद्ध लेकरू आणू नये असं तिलाच वाटतं. तिसरी ४८ वर्षांची, विधवा, दोन शेळ्या आणि शिलाई मशीन. तिनं आधारकार्ड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आरोग्य प्रमाणपत्र जमवलं आहे. पोलीस पडताळणी बाकी आहे. घर पाहायला येतील तेव्हा लेकरू कुठं झोपेल, शाळा किती लांब, तुम्ही आजारी पडलात तर कोण बघेल, हे विचारतील. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिनं गटातल्या चौघींची नावं लिहून ठेवली आहेत. निराधार लेकरू दिसलं तर १०९८ हा नंबर फिरवायचा, पैसे पडत नाहीत. आणि सांभाळायची तयारी असेल तर अर्ज जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात करायचा.